जर्मनीत फॉर्मवर ‘धर्म’ विचारतात, काय लिहू? (परदेशातले वसईकर, गोंयकार, सगळ्यांनी सांगा)

नंदाखालकर_नवा
नमस्कार मंडळी. सहा वर्षं या फोरमवर नुसता वाचतोय, लिहायची पाळी आज आली. मी वसईचा, नंदाखालकडचा, घरी कादोडी बोली बोलणारा कुपारी, म्हणजे वसईतला कॅथलिक. नोकरीसाठी डॉर्टमुंडला येऊन नऊ दिवस झाले. इथे घर मिळाल्यावर १४ दिवसांत ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, गुरुवारची अपॉइंटमेंट आहे. फॉर्म उघडला तर त्यात धर्माचा रकाना. मला वाटलं आपल्या शाळेच्या दाखल्यासारखं असेल, लिहायचं नि विसरायचं. तर ऑफिसातला एक नागपूरकर मित्र म्हणाला, वेडा आहेस का, कॅथलिक लिहिलंस तर दर महिन्याला पगाराचे ९ टक्के चर्चला जातात, रिकामं सोड, कोण बघतंय.

आता खरं सांगतो, पैशाचा प्रश्न आहेच, मे महिन्यात वसईला लग्न आहे माझं, बहिणीचंही शिक्षण चालू आहे. पण तेवढंच नाही. रविवारी इथल्या चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनेला) गेलो. सहाशे माणूस मावेल एवढं चर्च, आत मोजून तीसेक लोक आणि बहुतेक माझ्या आजीच्या वयाचे. शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली तेव्हा बाकांमध्ये एवढं अंतर की हात मिळवायला चालत जावं लागलं. मिस्सा संपल्यावर पाच मिनिटांत सगळे गायब. आपल्याकडे मिस्सा संपली की खरा कार्यक्रम सुरू होतो, चर्चच्या पटांगणात कोणाची जमीन विकली, कोणाचं लग्न जुळलं, सगळं कळतं. इथे मी एकटा सायकलचं कुलूप काढत उभा.

म्हणजे ज्यांचं चर्च तेच सोडून चाललेत, आणि मी नऊ दिवसांपूर्वी आलेला पैसे भरून आत जाऊ? आणि रिकामं सोडलं तर ते खोटं बोलणं होतं का? आईला विचारायची हिंमत नाही.

शंकासूर
मी पहिला. आता वाचतो.

कोलोन_कट्टा
नागपूरकर मित्राला माझा नमस्कार सांग आणि त्याचं गणित दुरुस्त कर. ९ टक्के पगाराचे नाहीत, तुझ्या आयकराचे. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८, बाकी सगळीकडे ९. समज तुझा आयकर महिना ८०० युरो कापला जातोय तर चर्चचा कर ७२ युरो. वर्षाचे ८६४. शिवाय रिटर्न भरताना ही रक्कम वजावटीला दाखवता येते, त्यामुळे थोडे परत येतात. कमी नाहीत, पण पगाराच्या ९ टक्के ऐकून जी छाती धडधडली असेल ती शांत कर.

दुसरं, रकाना रिकामा सोडून सुटशीलच असं नाही. बर्लिनला माझ्या ओळखीतल्या एकाला नंतर चर्च-कराच्या ऑफिसातून प्रश्नावली आली, बाप्तिस्मा झालाय का म्हणून. आणि एकदा लिहून नंतर बाहेर पडायचं असेल तर आपल्या राज्यात कोर्टात, म्हणजे आम्ट्सगेरिष्टमध्ये, जाऊन सही करावी लागते, फी ३० युरो. हो, देवाला सोडायचीही फी आहे आणि पावती मिळते. जपून ठेवावी लागते.

पुणेरी_पाटी
थांबा थांबा. सेक्युलर देश, आणि सरकार चर्चची वर्गणी पगारातून कापून देतं? आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स कोणीतरी असा कापून द्या रे.

कोलोन_कट्टा
@पुणेरी_पाटी, देतं, आणि फुकट नाही, वसुलीचं कमिशनही घेतं :) १९१९ च्या जर्मनीच्या वायमार घटनेतली कलमं आहेत, ती जशीच्या तशी आजच्या घटनेत घेतली. सरकारचा असा धर्म नाही, पण धर्मसंस्थांशी भांडणही नाही. फ्रान्ससारखं १९०५ चा कायदा करून काडीमोड घेतलेला नाही. इथे कितीतरी किंडरगार्टन आणि हॉस्पिटलांच्या दारावर कारितास (कॅथलिक सेवासंस्था) नाहीतर डियाकोनीची (प्रोटेस्टंट सेवासंस्था) पाटी दिसेल.

लायपझिगवाली
तुम्ही पश्चिमेकडची माणसं. इकडे पूर्व जर्मनीत या, मग सेक्युलर म्हणजे काय ते कळेल. चाळीस वर्षं साम्यवादी राजवट होती, लोक चर्च ‘सोडत’ नाहीत कारण त्यांच्या आजोबांनीच सोडलेलं. माझ्या टीममध्ये एकीने मला विचारलं, तू म्हणजे खरंच जातेस? तिचा सूर असा होता जसं कोणी विचारावं की तू अजून कॅसेट ऐकतेस? टोमणा नव्हता, नवल होतं. लॅबमध्ये मी एकटीच भारतीय आणि एकटीच कॅथलिक, आणि त्यांना दुसऱ्या गोष्टीचं जास्त आश्चर्य.

गंमत म्हणजे याच शहरात २०१५ साली नवंकोरं कॅथलिक चर्च उभं राहिलं, टाऊन हॉलच्या समोर. आत या, रविवारी तरुण दिसतील, लेकरं रडताना ऐकू येतील. पोलिश, व्हिएतनामी, स्पॅनिश, आमच्यासारखे दोन-चार. जिथे धर्म सवयीने कोणी पाळत नाही तिथे जे येतात ते ठरवून येतात. @नंदाखालकर_नवा, तीस म्हाताऱ्या बघून निराश होऊ नकोस. त्यातल्या एकीशी बोल. त्या एकट्या असतात आणि तुला फुकट जर्मन शिकवतील, केक वेगळा.

बिनदेवाचा
मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका. मूळचा वसईतल्या रमेदीचा, आता अॅमस्टरडॅमजवळ, सतरा वर्षं. आल्या आल्या मला पण सगळ्यांनी सांगितलं चर्चमध्ये जा, आपली माणसं भेटतील. भेटली की. पाच वर्षं मी फक्त आपल्याच माणसांना भेटत होतो. इंग्रजी मिस्सा, मग कोणाकडे तरी इंदेलचं जेवण आणि पत्ते, मग भारतातल्या जमिनीची भांडणं. डच येत नव्हतं, एकही डच माणूस माझ्या घरी आलेला नव्हता. मग एका रोइंग क्लबात गेलो आणि दोन वर्षांत जेवढा या देशाचा झालो तेवढा चर्चने पाच वर्षांत केला नव्हता.

विश्वास हळूहळू गेला, कोणी हाकललं नाही. मास्ट्रिख्टला डोमिनिकन लोकांच्या जुन्या चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, सातशे वर्षांचे खांब आणि मध्ये तीन मजली कपाटं. वडील आले होते तेव्हा दाखवायला नेलं. मला वाटलं त्यांना आवडेल. ते दारातच उभे राहिले, टोपी काढली, आणि सवयीने पवित्र पाण्याचं भांडं शोधायला लागले.

तर माझं मत, रकाना रिकामा सोड, ७२ युरोत जर्मनचा क्लास लाव.

मापशेकार_स्विंडन
@बिनदेवाचा पात्रांव, तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही.

आम्ही गोंयकार इंग्लंडमधल्या स्विंडनला हजारोंनी आहोत, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासारखे बरेच गोदामात रात्रपाळी करतात. तुमच्यासारखा रोइंग क्लब आम्हाला कुठला? बारा तास उभं राहून आलेला माणूस होडी वल्हवायला जाईल का? रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) दर आठवड्याला बदलतो, क्लास लावला तर दोन तास जमतो नि पुढचे चार बुडतात. आमच्यासाठी चर्च ही एकच जागा होती जिथे माझ्या मुलाला शाळा कशी मिळते, जीपीकडे (सरकारी फॅमिली डॉक्टरकडे) नाव कसं घालायचं, घरमालक डिपॉझिट देत नाही तर कोणाकडे जायचं हे कोणी सांगितलं. आणि सांगणारी आयरिश बाई होती, सत्तरीची. तिचे आईवडील इथे आले तेव्हा त्यांना कोणी खोली देत नव्हतं म्हणाली. म्हणजे आपलीच माणसं भेटतात हे खरं नाही. आपल्या आधी आलेली माणसं भेटतात.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याच्या खाली आले, ४६ टक्के. पण आमच्या चर्चला बघा, बसायला जागा नाही. ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त असतं तेव्हा तर रस्त्यावर गाड्या. मग शेजारी इंग्लिश लोक काउन्सिलला पार्किंगची तक्रार करतात, हा पण इंटिग्रेशनचा भागच म्हणायचा.

शंकासूर
पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडण झालं की माणूस त्या देशाचा झाला. माझं हे ठाम मत आहे.

मॉन्ट्रियलची_माई
कॅनडातल्या क्वेबेकची कहाणी ऐका. इथे १९६० पर्यंत सगळं चर्चच्या हातात, शाळा, हॉस्पिटलं, बायकांनी किती मुलं जन्माला घालायची ते पण. मग लोक एवढे चिडले की पंचवीस वर्षांत चर्च ओस. इथल्या जुन्या माणसांच्या शिव्या ऐकाल तर सगळ्या चर्चमधल्या वस्तूंच्या! ‘ताबेर्नाक’ म्हणजे आपली वेदीवरची पवित्र पेटी, ती ते ठेच लागली की म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं केवढा भक्त माणूस आहे.

आता २०१९ च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकांनी धर्माचं चिन्ह घालायचं नाही. लहान-मोठं असं काही नाही, क्रॉस, हिजाब, पगडी सगळं एका मापात. मी त्यानंतर नोकरीला लागले. आईने दिलेली सोन्याची साखळी, त्यात बोटाच्या पेराएवढा क्रॉस, शाळेत जाताना काढून पर्समध्ये ठेवते. त्याच वर्षी विधानसभेतला क्रूसही खाली उतरवला, १९३६ पासून होता. पण डोंगरावरचा लोखंडी क्रूस रात्री अजून झगमगतो, म्हणे तो वारसा आहे! माझ्या वर्गातली एक शीख बाई सहाय्यक होती, तिने शिक्षिका व्हायचा विचारच सोडला. मला साखळी काढता येते, तिला पगडी काढता येत नाही. तेव्हापासून मला आपल्या दुःखाचं जरा कमी वाटतं.

धनकवडीचा_दादा
प्रामाणिक प्रश्न, दिवा घ्या (म्हणजे हलकं घ्या). तुम्ही लोक कन्व्हर्ट कधी झालात? आणि मराठी एवढी छान कशी?

निर्मळचं_तळं
@धनकवडीचा_दादा, दिवा घेतला, आता मेणबत्ती पण लावतो.

मराठी छान कशी म्हणजे? दादा, आमची मातृभाषा आहे. साठच्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर लॅटिन गेलं आणि वसईत मिस्सा मराठीत सुरू झाली ती आजपर्यंत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव ऐकलंय ना, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष? ते आमचेच. पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, ते गेले, आम्ही राहिलो. शेती केली, केळी पिकवली, पानवेली लावल्या.

आणि वैताग याचा येतो की हाच प्रश्न तिन्हीकडून येतो. पुण्यात कॉलेजात असताना ‘तू मराठी वाटत नाहीस’. म्युनिकला जर्मन सहकारी, ‘इंडियन म्हणजे हिंदू ना? तू कधी बदललास?’ त्याला सांगितलं, आमचा गोन्सालो गार्सिया १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला, आई वसईची, बाप पोर्तुगीज, जपानात आधी व्यापार केला मग फ्रान्सिस्कन झाला, १८६२ ला संत म्हणून जाहीर केला. म्हणजे परदेशात जाऊन अडचणीत यायची परंपरा आमच्याकडे जुनी आहे.

धनकवडीचा_दादा
माहीत नव्हतं. सॉरी आणि धन्यवाद दोन्ही.

बुआ_बाजीराव
१७३९ चा विषय निघालाच आहे तर घंटांबद्दल लिहितो. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि आज त्या महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत आहेत, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर

संपादक_मंडळ
बुआ, घंटांवर वेगळा धागा आहे, १४० प्रतिसाद झालेत, तिकडे वाजवा. इथला उरलेला प्रतिसाद तिकडे हलवला आहे.

बोटलमसाला
@निर्मळचं_तळं +१०० आणि चौथा कोन राहिला, महाराष्ट्र मंडळ. गणपतीला बोलावतात, जातो, आरती पाठ आहे, शाळेत शिकलोय. मोदक वळायला पण बसते. पण दर वर्षी कोणीतरी प्रेमाने विचारतंच, ‘तुम्हाला चालतं ना?’ चालतं हो काकू. नाताळला मात्र मंडळाचा कार्यक्रम काय तर सांताची टोपी आणि केक. मी म्हटलं या वेळी आमच्याकडची गाणी म्हणू, घुमट वाजवू, तर सगळे म्हणे अरे हे असं पण असतं? असतं.

शेवटी मी कुठे रुजले सांगू? ६ जानेवारीच्या सुमारास इथे जर्मनीत मुलं येशूच्या जन्माच्या गोष्टीतल्या तीन राजांचे कपडे घालून घरोघर फिरतात, गाणी म्हणतात, गरीब देशांतल्या मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि दारावर खडूने लिहून जातात, साल आणि मध्ये सी, एम, बी ही अक्षरं. तीन वर्षांपूर्वी आमच्या पॅरिशला मुलं कमी पडत होती. माझ्या दोघांना दिलं. एक सोनेरी मुकुट मोठ्याच्या कानावर घसरत होता. आमच्या गल्लीत जी दारं मला कधी उघडली नव्हती, कारण मी कधी वाजवलीच नव्हती, ती सगळी उघडली. चर्चला कधी न जाणारे लोक पण पैसे देतात आणि खडूची अक्षरं वर्षभर पुसत नाहीत! खालच्या मजल्यावरचा कट्टर नास्तिक म्हातारा, तो तर मुलांची वाट बघत चॉकलेट घेऊन बसला होता.

बिनदेवाचा
हे मात्र आवडलं. माझ्या मुलांना पण ११ नोव्हेंबरला मार्टिनचे कंदील घेऊन पाठवतो. कोण मार्टिन विचारलं की सांगतो, झगा अर्धा फाडून भिकाऱ्याला देणारा एक सैनिक. पुढचं सांगत नाही.

मापशेकार_स्विंडन
पुढचं त्यांना ते थंडीत चालताना कळेल पात्रांव :)

नर्स_आहे_सिस्टर_नाही
सगळे सोयीचं लिहितायत, एक अवघड बाजू मी लिहिते. मी जर्मनीत एका कॅथलिक ट्रस्टच्या हॉस्पिटलात काम करते, नाव गाव विचारू नका. इथे केरळच्या नर्सेस साठच्या दशकापासून आहेत, त्यांना तेव्हा चर्चनेच आणलं. त्यांच्या पायावर आम्ही उभ्या. पण अशा ठिकाणी तुम्ही चर्चमधून अधिकृतपणे नाव काढलंत तर नोकरीवर गंडांतर येऊ शकतं. २०२२ ला नियम बरेच सैल केले, घटस्फोट, दुसरं लग्न, कोणाबरोबर राहता असल्या खासगी गोष्टी आता बघत नाहीत. नाव काढणं अजून चालत नाही. माझ्या वॉर्डातली एक जर्मन डॉक्टर, चर्चमधल्या लहान मुलांच्या शोषणाचे अहवाल वाचून हादरलेली, तिला बाहेर पडायचंय आणि पडता येत नाही. २०२२ एका वर्षात ५ लाख २२ हजार कॅथलिक बाहेर पडले या देशात. ते सगळे काही ७२ युरो वाचवायला गेले नाहीत हो. खूप जण रागाने गेले, आणि राग बरोबर होता. आपण बाहेरून येऊन ‘हे लोक धर्म विसरले’ म्हणतो तेव्हा मला लाज वाटते.

आमच्या पॅरिशचे फादर केरळचे आहेत. तीन गावं सांभाळतात, थंडीत मोटार घेऊन फिरतात, प्रवचनात चुका करतात आणि म्हाताऱ्या दुरुस्त करतात. एकदा म्हणाले, आमच्याकडे जर्मन मिशनरी यायचे, आता मी आलोय, पण शिकवायला कोणी बसलेलंच नाही.

कोलोन_कट्टा
@नर्स_आहे_सिस्टर_नाही, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. आणि केरळवरून आठवलं, एका मल्याळी मित्राने फॉर्मवर वाद घातला होता की आम्ही सायरो-मलबार (केरळचा वेगळ्या विधींचा कॅथलिक पंथ), ‘रोमन’ कॅथलिक नाही, सबब कर लागू नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला पोप कोणाचा? झालं.

कुपारी_काकी
धागा लांबला म्हणून उशिरा लिहितेय, मुलगा स्टुटगार्टला आहे, त्याच्या वेळी हे सगळं झालंय. नंदू बाळा (नंदाखालचा म्हणून नंदू), तू वर एक गोष्ट सहज लिहून गेलास आणि कोणाचं लक्ष गेलं नाही. तुझं मे महिन्यात लग्न आहे ना? आपल्या चर्चमध्ये? अरे मग फादर तुला ताजा बाप्तिस्म्याचा दाखला मागतील आणि तू जिथे राहतोस तिथल्या पॅरिशचं पत्र मागतील की हा मोकळा आहे, लग्नाला हरकत नाही. लग्नाआधी चर्चमध्ये नावं पुकारायची असतात. तू तिकडे ‘धर्म नाही’ लिहिलंस तर कुठल्या तोंडाने तिथल्या फादरकडे पत्र मागणार? माझ्या मुलाने रकाना असाच सोडला होता, मग लग्नाच्या दोन महिने आधी त्याची आणि माझी जी धावपळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही.

आणि एकदा लिहून, पैसे वाचवायला नंतर नाव काढशील तर तेही सोपं नाही. २०१२ ला तिथल्या बिशपांनी काढलेला आदेश मी मुलाकडून वाचून घेतला. नाव काढलं तर कम्युनियन नाही, कन्फेशन नाही, कोणाच्या बाळाला धर्मपिता म्हणून उभं राहता येत नाही. तुझ्या बहिणीची मुलं होतील तेव्हा मामा म्हणून कोण उभा राहणार?

पैशाचं म्हणशील तर आपण वसईत काय फुकट कॅथलिक आहोत का? सण, छप्पर, नवं पटांगण, मिशनचा रविवार, सगळीकडे देतोच, फक्त पाकिटात घालून देतो म्हणून कर वाटत नाही. आईला विचार. ती ओरडणार नाही, ती आधी विचारेल जेवलास का.

बोटलमसाला
काकी, तुम्हीच या जर्मनीत. येताना मसाला आणा, माझा संपत आलाय.

शंकासूर
मला वाटलं होतं कराचा धागा आहे, हा तर लग्नाचा निघाला.

बिनदेवाचा
काकींच्या कागदपत्रांपुढे माझं तत्त्वज्ञान टिकत नाही. माघार. पण जर्मनचा क्लास लाव हे मागे घेत नाही.

नंदाखालकर_नवा
मंडळी, गुरुवार होऊन गेला, म्हणून लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

काकी, पत्राचं डोक्यातच नव्हतं. आईला फोन केला. तिने खरंच आधी जेवलास का विचारलं. मग कराचं सांगितलं तर म्हणाली एवढे? थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, तुझे पप्पा कुवेतला होते तेव्हा शुक्रवारी मिस्साला दोन बस बदलून जायचे, त्याचं भाडं मोज.

ऑफिसात काउंटरवर तिशीतली बाई होती. पटापट टाइप करत होती, पासपोर्ट, घरमालकाचा कागद, मग धर्माच्या रकान्यापाशी थांबली. मी ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, पासपोर्टकडे बघितलं आणि विचारलं, नक्की? मी म्हटलं हो. ती म्हणाली, मी मागच्या वर्षी बाहेर पडले. मला काय बोलावं सुचेना, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, मग एक जागा रिकामी आहे. ती जोरात हसली, शेजारच्या काउंटरवरचा माणूस वळून बघायला लागला.

काल रविवारी परत गेलो. @लायपझिगवाली, तुमचं ऐकून पहिल्या बाकावरच्या आजींच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी गाण्याचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं, पान काढून दिलं. मिस्सा झाल्यावर कळलं की तळघरातल्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा कॉफी असते, पाटी होती पण जर्मनमध्ये, मागच्या वेळी मला वाचता आली नव्हती. तिथे क्रोएशियाचा एक जण भेटला, एकोणीस वर्षं इथे आहे, तो म्हणाला नंदू, गुरुवारी संध्याकाळी फुटबॉलला ये, आमच्याकडे गोलकीपर नाही.

मला गोलकीपिंग येत नाही हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

शंकासूर
सांगू नकोस. पावती मिळाली का पण नोंदणीची?

नंदाखालकर_नवा
मिळाली. नावाचं स्पेलिंग चुकलंय, परत अपॉइंटमेंट घ्यावी लागणार.